शहराची सनद

'सनद' या शब्दाचा मराठीत एक अर्थ आहे आणि मदरशात दुसरा. मराठी माणसाला सनद म्हटले की राजाने दिलेला जमिनीचा, वतनाचा कागद आठवतो. इनाम कोणाचे, हद्द कुठवर, हक्क कोणाचा, हे त्या कागदावरून ठरते. हदीस शिकणारा विद्यार्थी मात्र सांगणाऱ्यांच्या साखळीला सनद म्हणतो. अमुक गोष्ट मी अमक्याकडून ऐकली, त्याने तमक्याकडून, त्याने आणखी कोणाकडून, अशी मुळापर्यंत जाणारी नावांची ओळ म्हणजे सनद. पहिल्या सनदेने मालकी सिद्ध होते. दुसरीने एवढेच कळते की ही गोष्ट कोणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आली आणि त्या तोंडावर कितपत विश्वास ठेवावा.

शहरांच्या इतिहासावरून आपल्याकडे जे वाद होतात, त्यांत बहुतेक वेळा या दोन सनदांची गल्लत झालेली असते. दंतकथा सांगणारा ती कोणाकडून आली हे सांगत नाही, पण तिच्या जोरावर जागेचा ताबा मागतो. उलट बाजूला कागदाचा आग्रह धरणारा, कागदात नाव नाही म्हणून तो माणूसच तिथे नव्हता असे ठरवून मोकळा होतो. दोघांच्या हातून अन्यायच होतो. म्हणून शहराचा भूतकाळ नव्याने सांगायचा तर कोणत्या साक्षीदाराला काय विचारायचे, हा प्रश्न इतिहासाच्या पद्धतीचा आहे तितकाच नीतीचाही आहे.

मुंबईचे उदाहरण घेऊ. हे शहर तर सनदेनेच हातोहात गेले. १६६१ च्या विवाहाच्या करारात पोर्तुगालच्या राजाने ते इंग्लंडच्या राजाला आंदण दिले आणि १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. बेटावर राहणाऱ्या कोळी, भंडारी, कोकणी मुसलमान, कुणबी यांना कोणी विचारले नाही. शिवाय एवढ्या मोठ्या कागदात बेटाची हद्दही धड ठरलेली नव्हती. माहीम आंदणात येते की नाही यावरून दोन राज्यांत पुढे वाद झाला. कागद हा पक्का पुरावा असे म्हणताना कागदही गुळमुळीत असू शकतो, हे या शहराच्या जन्मकागदावरूनच ध्यानात घ्यावे.

कागदापेक्षा छायाचित्र अधिक खरे, असे आपल्याला वाटते. जुन्या मुंबईची छायाचित्रे आज पुस्तकांत, प्रदर्शनांत आणि मोबाईलवर सर्वत्र दिसतात. ट्रामचे रूळ, घोडागाड्या, फेटेवाले व्यापारी, पाण्याच्या हौदाजवळची गर्दी पाहून आपण म्हणतो, बघा, असे होते शहर. कॅमेऱ्यासमोर होते तेच उमटले, त्यात खोटे काय असणार?

विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचे दोन खंड या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जातीजमातींची चित्रे त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळच्या पोशाखांचा आणि चेहऱ्यांचा हा मोलाचा ठेवा आहे. पण त्यातली बरीचशी चित्रे जोडकाम करून बनवलेली आहेत. माणसांची छायाचित्रे एकीकडे घेतली, मागचा देखावा दुसरीकडचा घेतला आणि दोन्ही जुळवून एक चित्र तयार केले. म्हणजे जो माणूस त्या इमारतीसमोर उभा दिसतो, तो तिथे कधी उभा राहिलाच असे नाही. चित्राखाली मथळा असतो तो जमातीचा. समोर बसलेल्या माणसाचे नाव काय, त्याला का बसवले, त्याला काय वाटत होते, हे चित्र सांगत नाही. आपण ते पाहतो आणि 'त्या काळी अमुक जमात अशी होती' असे म्हणू लागतो. एका माणसाला अख्ख्या जमातीचा नमुना करण्याचे काम मथळ्याने केले, आणि दीडशे वर्षांनंतर आपण ते पुढे चालवतो.

पुढे १८९६ मध्ये प्लेग आला. त्या साथीचीही छायाचित्रे आहेत. स्टेशनवर उतारूंची तपासणी, चुना मारलेली घरे, साथीच्या छावण्या, रांगेत उभी केलेली माणसे. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर तेव्हा 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरे रंगवत. या छायाचित्रांवरून सरकारने किती खटपट केली हे कळते, कारण बरीचशी छायाचित्रे तेच दाखवण्यासाठी घेतलेली होती. त्या घरातली माणसे रात्री कुठे गेली, आजारी मुलीला परके लोक उचलून नेतील या धास्तीने आईने तिला कुठे लपवले, हे त्यांत नाही. ते राहिले ते घरातल्या बोलण्यात. गिरणगावातल्या आणि मदनपुऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आज्यांकडून ऐकले आणि कधी नातवंडांना सांगितले, कधी सांगितलेही नाही.

म्हणजे छायाचित्रालाही सांगणारा असतो. तो कुठे उभा होता, कोणाच्या पगारावर होता, कोणाला दाखवायला चित्र काढत होता, हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष पुरी होत नाही.

आता दंतकथेकडे वळू. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये पूर्वी समुद्राची मोठी खिंड होती आणि भरतीचे पाणी आत घुसून शहराच्या मधला भाग बुडवत असे. ती खिंड बुजवणारा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या नावाने तो ओळखला गेला. या बांधाच्या दोन कथा आहेत. एक इंग्रजी पुस्तकांतली. कंपनीच्या संचालकांची परवानगी नसताना हॉर्नबीने काम रेटले, आणि विलायतेहून पत्र येईपर्यंत बांध उभा राहिला होता. दुसरी कथा लोकांची. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. काम पाहणारे पाठारे प्रभू जातीचे रामजी शिवजी यांना स्वप्नात दृष्टान्त झाला की समुद्रात देवीच्या मूर्ती आहेत, त्या बाहेर काढा. मूर्ती काढल्या, बांध टिकला आणि महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले.

यातली पहिली गोष्ट आपण इतिहास म्हणून वाचतो आणि दुसरी दंतकथा म्हणून. का? पहिली छापली गेली म्हणून. खरे तर दोन्ही सांगोवांगीने फुगलेल्या आहेत. पहिलीत गव्हर्नरची हिंमत आहे, दुसरीत देवीची कृपा. स्वप्न पडले की नाही हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. पण एका देशी माणसाचे नाव बांधाशी जोडून ठेवण्याचे काम या दुसऱ्या कथेने केले. आणि दोन्ही कथांत नाहीत ते पाट्या वाहणारे, दगड टाकणारे मजूर. कथा कागदाची चूक दुरुस्त करते तेव्हासुद्धा ती सगळ्यांना न्याय देते असे समजू नये.

त्याच किनाऱ्यावर, त्याच भरती-ओहोटीत हाजी अली यांचा दर्गा आहे. त्यांचा कफन घातलेला देह समुद्रातून इथल्या खडकावर आला, असे सांगतात. एका उपसागराच्या काठी दोन श्रद्धा, आणि दोन्हींत समुद्राने काहीतरी हाती दिले ही एकच कल्पना आहे. समुद्राच्या भयात राहणाऱ्या माणसांची ती कल्पना आहे. तिचा धर्म शोधण्यापेक्षा ते भय ओळखणे शहाणपणाचे.

माहीमच्या मखदूम अली माहिमी यांची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. मखदूम साहेब (१३७२–१४३१) हे मोठे विद्वान होते. कुरआनावर त्यांनी अरबीत भाष्य लिहिले आणि ते आजही अभ्यासले जाते. पण माहीमच्या गल्लीत विचाराल तर त्या भाष्याबद्दल फारसे कोणी सांगणार नाही. सांगतील ती पेल्याची गोष्ट. रात्री आईने पाणी मागितले. लहान मखदूम पाणी घेऊन आले तो आईचा डोळा लागलेला. झोपमोड होऊ नये म्हणून पेला हातात धरून ते पहाटेपर्यंत उभे राहिले. आई जागी झाली आणि तिने दुवा दिली.

चिकित्सक वाचक लगेच म्हणेल की ही गोष्ट तर बायजीद बुस्तामींची आहे. खरेच आहे. फरीदुद्दीन अत्तार यांच्या 'तजकिरतुल औलिया'त बायजीदांच्या संदर्भात ती येते. आणि आई-बापांच्या सेवेत गुंतलेल्या भक्तासाठी देवाला विटेवर उभे राहावे लागले, ही पुंडलिकाची कथा तर मराठी माणसाला सांगायलाच नको. मग माहीमची गोष्ट उसनी म्हणून टाकून द्यायची का?

ती घडली का, हा एकच प्रश्न विचारला तर उत्तर चटकन मिळते आणि हाती काही लागत नाही. दुसरा प्रश्न विचारून पाहा. एवढ्या मोठ्या विद्वानाच्या आयुष्यातून माहीमच्या लोकांनी हीच गोष्ट का जपली? होडीवर जाणाऱ्या, मीठ भरणाऱ्या, पुढे पोलिसात चाकरी करणाऱ्या माणसाला अरबी भाष्य वाचता येत नव्हते. पण पाण्याचा पेला कळत होता. विद्वत्ता आपल्या आवाक्यात आणण्याची ही लोकांची रीत होती. डिसेंबरात भरणाऱ्या माहीमच्या उरुसात पहिले संदल पोलिसांचे असते आणि वर्दीतली माणसे, ज्यांत बहुसंख्य मुसलमान नसतात, ते डोक्यावर घेऊन जातात. ही प्रथा कशी पडली याच्याही वेगवेगळ्या कथा आहेत. प्रथा मात्र दरवर्षी डोळ्यांनी दिसते. कथा जईफ असली तरी तिने जोडलेली माणसे खरी आहेत.

'जईफ' हा शब्द मी मुद्दाम वापरला. हदीसच्या अभ्यासकांनी रिवायतींची प्रतवारी केली. सहीह म्हणजे खात्रीची, हसन म्हणजे चांगली, जईफ म्हणजे दुबळी आणि मौजू म्हणजे बनावट. त्यासाठी प्रत्येक सांगणाऱ्याची, म्हणजे रावीची चौकशी झाली. तो खरे बोलणारा होता का, त्याची आठवण शाबूत होती का, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला होता का. हजारो माणसांची अशी चरित्रे लिहून ठेवली गेली आणि त्याचे 'अस्मा-उर-रिजाल' नावाचे शास्त्रच झाले. दंतकथेला हदीसचा दर्जा देण्याचा इथे प्रश्नच नाही. घ्यायची आहे ती पारखण्याची रीत.

या रीतीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की तोंडी आहे म्हणून दुबळी आणि लेखी आहे म्हणून पक्की, असा हिशेब तिथे नव्हता. सांगणारा विश्वासू असेल आणि साखळी तुटलेली नसेल तर तोंडी गोष्ट पक्की ठरे. या साखळीत स्त्रियाही होत्या. अकराव्या शतकात मक्केत राहणाऱ्या करीमा मर्वजिया यांच्याकडून 'सहीह बुखारी'चा पाठ घ्यायला दूरदूरचे विद्वान येत. त्यांचे नाव सनदेत राहिले. आपल्या शहरांच्या गोष्टी बहुतेक बायकांनीच सांभाळल्या, पण 'एका वृद्धेने सांगितले' एवढ्यावर आपण त्यांची बोळवण करतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जईफ रिवायती सरसकट फेकून दिल्या गेल्या नाहीत. त्यांच्यावर 'जईफ' अशी खूण करून त्या ठेवल्या गेल्या. सत्कर्माची ओढ लावण्यासाठी, म्हणजे फजायलसाठी, त्या सांगायला हरकत नाही. पण हलाल-हराम, हक्क, शिक्षा, वाटणी यांचे निवाडे, म्हणजे अहकाम, त्यांच्यावर उभे करता येणार नाहीत, असे अनेक उलेमांनी मानले. काहींनी तेवढीही मुभा दिली नाही. माहीमच्या मखदूमांचेच समकालीन असलेले कैरोचे हाफिज इब्न हजर अस्कलानी (१३७२–१४४९) यांनी तीन अटी सांगितल्या. रिवायत फार दुबळी, खोटारड्याच्या तोंडची नसावी. ती आधीच मान्य असलेल्या एखाद्या तत्त्वाखाली बसणारी असावी. आणि ती सांगताना हे घडलेच आहे असा पक्का समज धरू नये.

या तीन अटी शहराच्या कथांना लावून पाहा. पेल्याची गोष्ट सहज पार पडते. आईची सेवा हे तत्त्व त्या गोष्टीवर अवलंबून नाही, आणि ती ऐकून कोणाचे घर जात नाही की कोणाचा हक्क बुडत नाही.

आता दुसरी कथा घ्या. मुंबारक नावाचा दैत्य बेटावरच्या लोकांना छळत होता. देवांनी देवी पाठवली, तिने त्याला नमवले. शरण आलेल्या दैत्याने मागितले की माझे नाव तू धारण कर. देवीने ते मान्य केले आणि ती मुंबादेवी झाली. किती समंजस कथा आहे! जिंकणारी हरलेल्याचे नाव स्वतःला लावून घेते, आणि पुढे अख्खे शहर त्या नावाने ओळखले जाते. तिचे जुने देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात ते तिथून हलले आणि देवी झवेरी बाजाराजवळ आली. पण विसाव्या शतकाच्या आरंभी काही इंग्रज लेखकांनी या कथेतून इतिहास काढायचे ठरवले. मुंबारक म्हणजे दिल्लीचा सुलतान कुतबुद्दीन मुबारक शाह (कारकीर्द १३१६–१३२०), असा तर्क त्यांनी मांडला. आधार मुख्यतः उच्चारातल्या सारखेपणाचा. 'महा अंबा' यावरून मुंबा आले असे मानणारेही होते, पण दैत्याला सुलतान करणारा तर्क पुस्तकांतून पुढे सरकत राहिला.

इथे काय झाले ते नीट पाहावे. सांगणाऱ्या कोळ्याच्या मनात दैत्य होता. लिहिणाऱ्याने त्या जागी मुसलमान बसवला. कथेत शरण आलेल्याला नाव देऊन सामावून घेण्याचा भाव होता, तर्कात जुन्या वैराचा पुरावा तयार झाला. सनद तुटलेली, तत्त्व नवे घुसवलेले आणि सांगण्यात मात्र खात्री. तिन्ही अटी मोडल्या. अशा तर्काचे ओझे मग आज त्या बेटावर राहणाऱ्या, ज्यांचा दिल्लीच्या कोणत्याच सुलतानाशी संबंध नाही अशा माणसांच्या पाठीवर येते. कथा फजायलच्या घरातून उचलून अहकामच्या घरात नेली की असे होते.

यावर इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, म्हणूनच आम्ही कथांना दारात उभे करत नाही. एकाला आत घेतले की सगळेच आपापली गोष्ट घेऊन येतील. त्यांची भीती खोटी नाही. आपल्या देशात दंतकथेचा सातबारा करून किती रक्त सांडले गेले हे आपण पाहिले आहे. पण दार लावून घेतल्याने कथा थांबत नाहीत. त्या बाहेर, खूण न करता, ज्याच्या आवाजात जोर आहे त्याच्या तोंडून फिरत राहतात. खूण करून आत ठेवलेली दुबळी कथा निरुपद्रवी असते. बेवारस सोडलेली कथा कोणाच्याही हातात शस्त्र होऊ शकते.

आणि फक्त कागदावर भिस्त ठेवली तर कोण गळते हेही पाहावे लागेल. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळायचे तर १ जानेवारी २००० पूर्वी तुम्ही तिथे राहत होता हे दाखवावे लागते. त्यानंतरचे, २०११ च्या आरंभापर्यंतचे रहिवासी पैसे भरून पात्र ठरतात. दाखवायचे ते कागदानेच. ज्या बाईचे कागद २००५ च्या पुरात वाहून गेले, तिला शेजारच्या दहा घरांनी तीस वर्षे रोज पाहिलेले असते. ही दंतकथा नव्हे, ही शहादत आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या, जिवंत, नावानिशी उभ्या राहू शकणाऱ्या माणसांची. हदीसच्या कसोटीवर ही साखळी एका कडीची, म्हणजे सर्वांत भक्कम. दफ्तरापुढे मात्र तिला एका जुन्या वीजबिलाची किंमत येत नाही.

तोंडी ज्ञान ऐकले गेले तर काय होते याचेही उदाहरण त्याच वरळीच्या किनाऱ्यावर आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून कोळ्यांच्या होड्या जायच्या होत्या. खांबांमधले अंतर ६० मीटर पुरेल असे आराखड्यात होते. वारा फिरला, पाण्याची ओढ वाढली की एवढ्या जागेतून होडी सुखरूप निघत नाही, असे वरळी कोळीवाड्यातले लोक सांगत होते. त्यांच्यापाशी नकाशे नव्हते, पिढ्यान्पिढ्या होडी हाकल्याचा अनुभव होता. त्यांनी काम अडवले, भांडले आणि अखेर २०२२ च्या शेवटी १२० मीटर अंतर मान्य झाले. त्यांनी मागितले होते त्याहून ते कमीच. पण बापाकडून लेकाकडे आलेले आणि रोजच्या भरतीने तपासलेले ज्ञान सहीह ठरू शकते, हे निदान एकदा तरी मान्य झाले.

मुंबई असो, सोलापूर असो की एखादे तालुक्याचे गाव, त्याचा इतिहास नव्याने कल्पायचा म्हणजे हवे ते कल्पायचे असे नाही. जुने छायाचित्र भिंतीवर लावताना ते कोणी, कोणासाठी काढले हे खाली लिहावे, आणि चित्रातल्या माणसाचे नाव ठाऊक नसेल तर तेही लिहावे. जमातीचे नाव लिहून जागा भरू नये. पीर-देवतांच्या कथा सांगाव्यात, जपाव्यात, पण त्यांच्या तोंडून कोणाच्या जमिनीचा निकाल वदवून घेऊ नये. आणि आपल्या घरातल्या नानी-दादी जे सांगतात ते लिहून घेताना त्यांचे नाव, त्यांनी ते कोणाकडून ऐकले, कोणत्या मोहल्ल्यात, हे आधी लिहावे. गोष्ट नंतर.

हे काम विद्यापीठांची वाट न पाहता आपल्याला करता येण्यासारखे आहे. रोज कुठली ना कुठली चाळ पाडली जाते आणि तिथली माणसे शहराच्या चार टोकांना पांगतात. इमारतीचा नकाशा पालिकेत राहतो. कोणत्या जिन्यावर कोणी कोणाला पाणी दिले, ते सांगणारी साखळी मात्र त्या दिवशी तुटते. तुटलेली सनद पुढे कोणत्याही विद्वानाला सांधता येत नाही.